देवमनभाऊंनी मागितलेली माहिती

अकोल्यातल्या एका सरकारी कार्यालयात जिन्याखाली एक खोली आहे. कार्यालय कोणतं ते विचारू नका. सांगणाऱ्याचा एक दाखला अजून तिथंच अडकलेला आहे. खोलीच्या दारावर 'दूरध्वनी कक्ष' अशी पाटी, आत एक टेबल, एक खुर्ची आणि खुर्चीवर देवमन पुंजाजी तायडे. सकाळी पावणेदहाला ते येऊन बसत आणि संध्याकाळी सव्वासहाला उठत. मधल्या वेळात काय करत म्हणाल, तर बसत.

आता रिकामं बसणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्यानं एक आठवडा बसून पाहावं. देवमनभाऊ साडेनऊ वर्षं बसले होते. आणि त्यांना बसवण्यात सगळ्या कार्यालयाचा जीव गुंतला होता. देवमनभाऊंना दिसत नाही, म्हणून शिपाई नत्थुजी रोज फाटकापासून त्यांचा हात धरून आणत. भाऊ चोवीस वर्षं त्याच वाटेनं चालत होते. तिसऱ्या पायरीचा टवका उडालाय हे त्यांच्या पायाला पाठ होतं, आणि त्याच पायरीला नत्थुजी दर आठवड्याला ठेचकाळत. मग भाऊच त्यांना सावरत. तरी हात नत्थुजींनीच धरायचा. चहाचा पहिला कप भाऊंना. दर तीन डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, भाऊंना शाल आणि नारळ. सरकारनं अशा लोकांना आधी अपंग म्हटलं, मग दिव्यांग म्हटलं. नाव सुधारत गेलं आणि काम आटत गेलं. भाऊंच्या बायकोनं, माधवीनं, त्या शाली गोधड्यांत घातल्या होत्या. शिवणकामात तिचा हात फार चांगला.

भाऊ बार्शीटाकळीचे, अजूनही रोज तिथूनच ये-जा करत. तीन वर्षांचे असताना गोवर निघाला आणि डोळे घेऊन गेला. बाप पुंजाजी लोकांच्या वावरात राबणारा माणूस, पण पोरगं शिकलंच पाहिजे यावर नवराबायको दोघं ठाम. आई केशरबाई त्यांना घेऊन अमरावतीच्या अंधशाळेत गेली तेव्हा गुरुजी म्हणाले, बाई, पोरगं लहान आहे, रडेल. केशरबाई म्हणाली, "रडू द्या जी. घरी राहून जलमभर रडन, त्यापरीस इथं चार दिस रडलेलं बरं."

शाळेत भाऊ खुर्च्या विणायला शिकले. वेताच्या खुर्चीची अशी वीण घालायचे की गुरुजी पाहुण्यांना दाखवत. शिकून बाहेर पडले, तोवर सगळीकडं प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मग टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला, अनुशेष भरतीत नोकरी लागली, आणि पाठोपाठ मोबाइल आला. भाऊ स्वतःच हसून सांगत, "सरकार ज्याले आंधळ्याचं काम म्हणते ना, ते काम दहा वर्षांत मरतेच. तुमाले कोनता धंदा बुडवाचा असन तं आमाले शिकवा."

पण पहिली चौदा वर्षं त्यांनी राज्य केलं होतं बरं का! बोर्डावर चार बाहेरच्या लाइनी, साठ आतल्या. तीनशे नंबर तोंडपाठ. कोणत्या साहेबाचा आवाज खरखरला की सर्दी आणि कोणता खरखरला की अमरावतीच्या मोठ्या ऑफिसातून बोलणी बसलीत, हे भाऊंना साहेबाच्या बायकोआधी कळे. मग हळूहळू बोर्डाची घंटी थांबत गेली. दोन हजार पंधराच्या पावसाळ्यात वीज कोसळून बोर्ड जळाला. देवमनभाऊ धावत वर गेले, "बोर्ड गेला जी!" म्हणून सांगायला. तोवर तीन दिवस झाले होते, कारण आधी शनिवार-रविवार आला होता आणि सोमवारी भाऊ रजेवर होते. आणि सोमवारचा अख्खा दिवस कार्यालयातल्या एकाही माणसाला फोन बंद असल्याचं कळलं नव्हतं. भाऊंच्या काळजाला ते फार लागलं.

तेव्हापासून ते काम मागत होते. कार्यालयाचे अधीक्षक कमलाकांत, ज्यांना सगळे बडे बाबू म्हणत, मोठे देवभोळे गृहस्थ. घरात तीन पिढ्यांची भिक्षुकी. आंधळ्या माणसाला कामाला लावणं म्हणजे पाप, हे त्यांच्या डोक्यात पक्कं.

"बसा हो देवमनभाऊ," ते म्हणत. "तुम्हाले कोणी काही म्हटलं का? नाव सांगा, त्याची खरडपट्टी काढतो."

"कोनीच काई म्हनत नाई, बडे बाबू, हेच तं दुखनं हाय."

"मग झालं तर! चहा घेतला का?"

बरं, भाऊ हात बांधून थोडेच बसले होते? खोलीत बसल्या बसल्या ते मोबाइलवर सगळं शिकले. पडद्यावरचं मोबाइल वाचून दाखवी, एका बाईच्या आवाजात, तेही अशा भरधाव वेगानं की दुसऱ्याला शब्द लागू नये. माधवी त्या आवाजाला सवत म्हणे. कीबोर्ड जोडून भाऊ मराठी टाइप करू लागले. शुद्धलेखन बडे बाबूंपेक्षा बरं. अडचण एकच. कार्यालयातली पत्रं जुन्या फॉन्टमध्ये, आणि तो फॉन्ट आला की सवतीची बोबडी वळे. 'महोदय'च्या जागी ती काहीतरी इंग्रजी अक्षरं बरळे. फॉन्ट बदला, एवढीच भाऊंची विनंती होती. ती नऊ वर्षं 'विचाराधीन' होती.

गेल्या वर्षीच्या डिसेंबरात अमरावतीच्या शाळेनं त्यांना बोलावलं. माजी विद्यार्थी, सरकारी नोकर, मुलांपुढं चार शब्द बोला. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि अर्धा तास बोर्डाबद्दल बोलले, चार लाइनी, साठ लाइनी, तीनशे नंबर. टाळ्या पडल्या. मग श्रावणी नावाची बारावीतली मुलगी उठली. तिचं विचारणं अगदी नेमकं.

"सर, तो बोर्ड अजून आहे का?"

"हाय ना," भाऊ म्हणाले.

"मग आज तुम्ही इथं आलात, तर तिथं कोण बसलंय?"

भाऊंनी हातातला माइक गुरुजींकडं दिला. गुरुजींनी आभार मानून वेळ मारून नेली. परतीच्या एसटीत मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, तरी तोच प्रश्न कानात. पोरीपुढं आपण खोटं बोललो. आणखी आठ वर्षांनी निवृत्त होऊ, तेव्हाही हेच खोटं बोलत असू, याची त्यांना शरम वाटत होती.

घरी येऊन त्यांनी मोबाइल काढला आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला, आपल्याच कार्यालयाला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. मागितलेली माहिती एका ओळीची: 'आपल्या कार्यालयातील कर्मचारी श्री. देवमन पुंजाजी तायडे यांनी जुलै २०१५ पासून आजपर्यंत केलेल्या कामांची यादी मिळावी.'

माधवीनं ऐकलं आणि शिवणयंत्राचा पाय थांबवला. "अवो, डोस्कं ठिकानावर हाय का तुमचं? बसल्या जागी पगार येऊन राहिला, अन् तुमी सोताच सरकारले सांगता का मी काईच करत नाई? काढून टाकतीन ना!"

"काढतीन नाई वं. अतिरिक्त ठरवतीन, कुठं तरी फेकतीन फार तं."

"मंग?"

"मंग तिथंबी बसीन," भाऊ म्हणाले. पण रात्रभर त्यांनाही झोप लागली नाही, हे खरं.

अर्ज कार्यालयात पडला आणि जो गोंधळ उडाला म्हणता! बडे बाबू स्वतः जिना उतरून आले. डोळ्यांत पाणी यायचं बाकी. "देवमनभाऊ, घरच्या जावयासारखं ठेवलं हो तुम्हाले! कधी अर्ध्या शब्दानं दुखावलं? अन् हे पांग फेडले?" नत्थुजी दोन दिवस हात धरायला आले नाहीत, तिसऱ्या दिवशी एकटेच त्या पायरीला ठेचकाळले आणि पुन्हा येऊ लागले.

अडचण अशी की उत्तर लिहायचं कोणी? 'काही काम केलं नाही' असं लिहावं, तर नऊ वर्षं काम कोणी दिलं नाही, ही चौकशी मागे लागणार. 'अमुक तमुक काम केलं' असं लिहावं, तर अर्ज करणाराच खाली खोलीत बसलेला, तो लगेच अपील करणार. माहितीच्या अधिकाराचं टेबल सांभाळणारा केदार नुकताच बदली करून घेऊन अचलपूरला पळाला होता. त्यामुळं अर्ज फिरू लागला. या टेबलावरून 'योग्य कार्यवाहीस्तव' त्या टेबलावर, तिथून 'आपल्या शाखेशी संबंधित नाही' म्हणून पुढं. साठ टेबलांच्या कार्यालयात तो कागद एकाही टेबलावर टिकला नाही, आणि सव्वीस दिवस गेले.

तीस दिवसांत उत्तर गेलं नाही, तर दंड माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून. माहिती अधिकारी होत्या अनुपमा मॅडम. अमरावतीच्या वकिलाची मुलगी, तिघी बहिणींत थोरली, दोन महिन्यांपूर्वीच इथं रुजू झालेल्या. सत्ताविसाव्या दिवशी त्यांनी सगळ्यांना दालनात बोलावलं आणि कागद टेबलावर आपटला.

"हे उत्तर कोण लिहिणार?"

कोणाला एकाएकी खोकला आला, कोणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन निघालं. बडे बाबू छताकडं पाहू लागले. भाऊंनाही बोलावलं होतं, कारण गुन्हेगार तेच. ते दाराजवळ उभे होते.

"मी लिहितो, मॅडम," ते म्हणाले.

"अर्जदारच उत्तर लिहिणार?" बडे बाबू ओरडले. "नियमात बसत नाही!"

"कोणत्या नियमात?" मॅडमनी विचारलं. "दाखवा."

बडे बाबूंनी तासभर पुस्तकं उलटीपालटी केली. असा नियम कोणी केलेलाच नव्हता. असं काही घडेल हे कोणाच्या बापाच्या ध्यानात आलं नव्हतं.

भाऊ कामाला लागले. साडेनऊ वर्षांचं हजेरीपत्रक त्यांनी नत्थुजींकडून वाचून घेतलं. नत्थुजी बोट ठेवून ठेवून वाचत, "हजर, हजर, हजर," आणि तिसऱ्या वर्षापर्यंत येता येता त्यांचा आवाज बारीक झाला. "लय दिवस हजर हा तुमी, भाऊ," ते म्हणाले. दुपारी चारला भाऊंनी उत्तर टाइप केलं. हजर दिवसांचा आकडा, दोन हजारांच्या वर. आणि खाली, केलेली कामं: निरंक. सरकारी भाषेत शून्याला निरंक म्हणतात. तो शब्द भाऊंनी टाइप केला आणि सवतीकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला. कारण तो आकडा कोणत्या फाइलीचा नव्हता, त्यांच्या आयुष्याचा होता.

मॅडमनी कागद वाचला. मग दालनाचं दार लावून घेतलं.

"तायडे, यावर मी सही करणार नाही."

"काहून, मॅडम? खरं तं हाय."

"खरं नाही. तुम्ही अर्जात 'आजपर्यंत' असं लिहिलंय. आज तुम्ही काय केलं?"

"हे उत्तर लिहिलं."

"मग?"

भाऊ खाली गेले, निरंक खोडला आणि लिहिलं: 'एकूण कामे: एक. प्रस्तुत अर्जाचे उत्तर तयार करणे.' मॅडमनी सही ठोकली. चार दिवसांनी रजिस्टर पोस्टानं ते उत्तर बार्शीटाकळीला पोचलं आणि माधवीनं सही करून घेतलं. देवमनभाऊंचं समाधान झालं नाही म्हणून त्यांनी अपील करावं की काय, यावर ती हसून हसून लोळली.

आता सरकारी कार्यालयाचा एक रिवाज आहे. ज्या कामाला माणसानं एकदा हात लावला, ते त्याच्या गळ्यात पडलं. केदारच्या टेबलावर एक्केचाळीस अर्ज धूळ खात होते; ते सगळे महिन्याभरात भाऊंकडं आले. फॉन्ट बदलला, कारण आता गरज कार्यालयाची होती, आणि नऊ वर्षांची विचाराधीन विनंती एका दुपारी मंजूर झाली. जिन्याखालची खोली सोडून भाऊ वर आले, बडे बाबूंच्या समोर.

आणि भाऊंचे हाल सुरू झाले! वर चहा सगळ्यांत शेवटी येई. लोक तणतणत, "ओ तायडे, माझी माहिती परत कशाला मागितली? परवाच दिली ना?" एकदा भाऊ उशिरा आले तर स्वतः बडे बाबूंनी घड्याळावरून त्यांचा उद्धार केला आणि मग जीभ चावली. भाऊंनी घरी येऊन तो उद्धार माधवीला शब्दशः ऐकवला, चालीसकट.

मग जूनमध्ये घोळ झाला. परतवाड्याच्या एका म्हाताऱ्याचा अर्ज होता, हातानं लिहिलेली तीन पानं. हातचं लिहिलेलं सवतीला वाचता येत नाही. नत्थुजींना "वाचून द्या" म्हटलं असतं तर काम पाच मिनिटांचं. पण भाऊंना नव्यानव्यानं ताठा चढला होता. जरा वेळानं सांगू, उद्या सांगू, कोणाकडं सारखं मागायचं, असं करता करता अर्ज कपाटात राहिला आणि मुदत टळली. म्हातारा अपिलात गेला. मॅडमना अमरावतीला जाऊन मान खाली घालून ऐकून घ्यावं लागलं. परत आल्या त्या थेट भाऊंच्या टेबलापाशी.

"तायडे! तीन पानं होती! तीन! तो माणूस सत्तर वर्षांचा आहे, दोनदा परतवाड्याहून आला. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे सांगायला तोंड नव्हतं का?"

बडे बाबू लगबगीनं उठले आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, जाऊ द्या हो. आंधळा माणूस आहे. आमचीच चूक झाली, भार टाकला. हे टेबल काढून घेऊ, खाली त्यांची खोली आहेच. बसू द्या त्यांना निवांत."

बडे बाबूंच्या मनात खोट नव्हती, हे सांगितलंच पाहिजे. त्यांना खरोखर कणव आली होती. भाऊंनी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर बोलणी टळली असती, ठपक्याचा कागद टळला असता, पहिला चहा परत मिळाला असता. आणि आठ वर्षं ती खोली. भाऊंना भीती वाटली. पण मॅडमच्या ओरडण्याची नव्हे, त्या निवांतपणाची.

ते उठून उभे राहिले. "नाई जी, बडे बाबू. आंधळा मी पह्यलेबी होतो. चूक माही हाय. मॅडम, मले मेमो द्या."

"देणारच आहे," मॅडम म्हणाल्या, आणि आपल्या दालनात गेल्या.

भाऊंनी मग काय केलं, तर नत्थुजींना हाक मारली, ती तीन पानं वाचून घेतली, आणि उठायच्या आत म्हाताऱ्याचं उत्तर तयार करून सहीला ठेवलं. त्याच ट्रेमधून त्यांचा मेमोही आला.

घरी आल्यावर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मोबाइल कागदावर धरला. कागद छापील होता, त्यामुळं सवत न अडखळता वाचू लागली: आपण अर्ज विहित मुदतीत निकाली काढला नाही, सबब आपल्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. भाऊंनी तो एकदा ऐकला, दुसऱ्यांदा ऐकला. तिसऱ्यांदा वेग कमी करून ऐकला.

माधवी मशीनवरून उठून जवळ आली. तिचा चेहरा पार उतरला होता. "अवो, आता काय होते? नोकरी जाते का?"

"नाई वं," देवमनभाऊ म्हणाले. "आता लागली."